विमान पुन्हा वर नेणाऱ्याच्या बाजूने

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, भारत सरकार



आज ७ ऑगस्ट २०२५. करिपूरच्या विमान अपघाताला पाच वर्षे झाली. खात्याचे कॅबिनेट मंत्री राममोहन नायडू आहेत हे मला माहीत आहे, आणि नियम करणारे महासंचालनालय वेगळे आहे हेही. तरी हे पत्र तुम्हाला लिहितो, कारण मला ते मराठीत लिहायचे आहे आणि त्या दोन्ही ठिकाणी ते वाचून दाखवायला कुणीतरी शोधावे लागेल. पुण्यात लोक तुम्हाला अण्णा म्हणतात. मीही एखाद-दोनदा म्हणेन, राग मानू नका.

त्या ऑगस्टमध्ये तुम्ही पुण्याचे महापौर होतात आणि शहर करोनाने टेकीला आले होते. केरळमधली ती बातमी आपल्याकडे दोन-चार दिवस चालली आणि विरली. त्या दिवसांत कुणाचेच लक्ष ठिकाणावर नव्हते, तेव्हा दोष कुणाला देणार? म्हणून आधी ती रात्र पुन्हा सांगतो.

वंदे भारत मोहिमेतले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोईंग ७३७ विमान दुबईहून कोळिकोडला येत होते. आत १९० माणसे. त्यांत दहा तर कडेवरची मुले. कोळिकोडचा विमानतळ म्हणजेच करिपूर, डोंगरमाथा कापून केलेला. संध्याकाळ सरली होती, पाऊस होता. पहिल्यांदा विमान पूर्वेकडून, २८ क्रमांकाच्या धावपट्टीच्या रोखाने खाली आले. कॅप्टनच्या काचेवरचा वायपर काही सेकंद चालला आणि बंद पडला. पुढचे दिसेना, म्हणून त्यांनी विमान पुन्हा वर नेले. वैमानिकांच्या भाषेत याला गो-अराउंड म्हणतात. इथपर्यंत सगळे बरोबर झाले होते.

मग बाजू बदलली. नुकतेच दुसरे एक विमान १० क्रमांकाच्या टोकावरून उडाले होते, आता याही विमानाने त्याच बाजूने, म्हणजे समुद्राकडून पूर्वेकडे उतरायचे ठरले. जून ते सप्टेंबर मलबारात वारा कुठून येतो हे कुठलाही कोळी सांगेल. तो पश्चिमेकडून येतो. म्हणजे विमानाच्या पाठीवर. चाके टेकली तेव्हा मागून १४ नॉटचा, ताशी सुमारे २६ किलोमीटरचा वारा होता आणि ८,८५८ फुटांच्या धावपट्टीतले ४,४३८ फूट आधीच मागे पडले होते. अर्धी धावपट्टी, तीही ओली. उरलेल्या अर्ध्यात विमान थांबले नाही. धावपट्टीपुढची मोकळी राखलेली जागा, अँटेनांची रांग, कुंपण असे सगळे ओलांडून ते कड्यावरून गेले आणि सुमारे ११० फूट खाली, विमानतळाभोवतीच्या रस्त्यावर आपटून तुटले. २१ जण गेले. त्यांत दोघे वैमानिक होते.

आग लागली नाही म्हणून बाकीचे वाचले, आणि कोंडोट्टी-करिपूरचे लोक धावले म्हणूनही. करोनाचा काळ. अनोळखी माणसाला हात लावायचा नाही असे सरकार दिवसातून दहा वेळा सांगत होते. त्या लोकांनी पावसात, अंधारात माणसे ओढून बाहेर काढली, मिळेल त्या गाडीत घालून रुग्णालयात पोचवली, रक्त द्यायला रांगा लावल्या आणि मग मुकाट्याने विलगीकरणात जाऊन बसले.

या घटनेचे आपल्याशी नाते काय, असे कुणी विचारेल. कॅप्टन दीपक वसंत साठे मूळचे नागपूरचे. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत घडलेले, हवाई दलाच्या अकादमीतून मानाची तलवार घेऊन बाहेर पडलेले, पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये चाचणी वैमानिक. त्यांच्या नावावर उड्डाणाचे दहा हजारांहून अधिक तास होते. अपघातानंतर आठवडाभर मराठी वाहिन्यांवर ते वीर होते. तेरा महिन्यांनी, म्हणजे सप्टेंबर २०२१ मध्ये, अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल आला आणि त्याच वाहिन्यांच्या खालच्या पट्टीवर दोन शब्द फिरले: वैमानिकाची चूक.

चूक झाली होती, हे मी नाकारत नाही. विमान शेवटच्या टप्प्यात नीट बसलेले नव्हते, खाली येण्याचा वेग जास्त होता, सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले होते आणि ते ऐकले गेले नाही. सहवैमानिकानेही पुढे होऊन विमान हाती घेतले नाही. अहवाल हे स्पष्ट लिहितो. कॅप्टन मधुमेहावर डॉक्टरांनी न सांगितलेल्या गोळ्याही घेत होते, त्याने विचारशक्ती किंचित मंदावली असण्याची शक्यताही अहवाल नोंदवतो. ते आपल्या नागपूरचे होते म्हणून मी त्यातले काही झाकणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे आपल्या घरात ठीक आहे, धावपट्टीवर ते परवडत नाही.

पण त्याच अहवालात, जरा आतल्या पानांवर, एक आकडा आहे. तो आकडा मला गेली चार वर्षे झोपेतून उठवतो. कोळिकोडच्या तळावर या कंपनीचे सहवैमानिक २६ होते आणि कॅप्टन एक.

एक!

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून जे विमान आखातात जायचे होते, ते कॅप्टन साठ्यांनीच न्यायचे होते. ते रात्री वळून कोइम्बतूरला उतरले असते तर विश्रांतीचे तास तिथून मोजले गेले असते आणि सकाळचे विमान कॅप्टनवाचून उभे राहिले असते. अहवालाचे म्हणणे असे की, कोळिकोडलाच उतरायचे हा हट्ट त्यातून आला असावा. अण्णा, एखाद्या बसडेपोत २६ वाहक आणि एक चालक ठेवला, त्या चालकाला ताप आला, तरी तो गाडी काढणारच. मग गाडी घाटात गेली की आपण 'चालकाचा ताबा सुटला' असे छापतो. ताबा सुटला होता हे खरेच असते. पण तो चालक एकटाच का होता, हे ज्याने ठरवले त्याचा ताबा कधी सुटला, ते कुठे छापून येत नाही.

वायपरचेही तसेच. सत्तर टनांच्या आसपासचे यंत्र, त्यात डझनावारी संगणक, आणि त्या रात्री सगळे येऊन थांबले ते आपल्या रिक्षावर असते तशा एका काठीवर. दुसऱ्या खेपेला तो वायपर चालला, पण मंद. पावसाळ्यात मुंबई-पुणे रस्त्यावर गाडी चालवलेल्या माणसाला यापुढचे सांगायला नको.

आता पत्रांविषयी थोडे. २०११ च्या जून महिन्यात कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी असेच एक पत्र लिहिले होते. ते स्वतः जुने वैमानिक आणि मंगळुरूच्या अपघातानंतर नेमलेल्या सुरक्षा सल्लागार समितीचे सदस्य. त्यांनी लिहिले होते की, करिपूरला पावसात, पाठीमागून वारा असताना १० क्रमांकाच्या बाजूने उतरणे म्हणजे आतल्या सगळ्यांचे जीव धोक्यात घालणे आहे. टोक तेच, पाऊस तोच, वाऱ्याची दिशाही तीच. ज्योतिषी एवढे अचूक सांगत नाहीत. ते पत्र पोचले होते, हरवले नव्हते. त्यानंतर नऊ वर्षे त्या टोकावर विमाने उतरत राहिली आणि दर वेळी काही न झाल्याने पत्र लिहिणारा थोडा जास्त भित्रा ठरत गेला. २०१९ च्या जुलैत महासंचालनालयाने विमानतळाच्या संचालकांना कारणे दाखवा नोटीसही काढली होती: धावपट्टीला भेगा, साठलेले पाणी, चाकांच्या रबराचा थर. म्हणजे सगळ्यांना सगळे ठाऊक होते. तुमच्या मंत्रालयात कागद हरवत नाहीत, ते फक्त वयात येतात.

मंगळुरूचे नाव आले म्हणून सांगतो. २२ मे २०१०. कंपनी तीच, विमानाची जात तीच, दुबईहून येणारे, उतरण्याची जागा तशीच डोंगरमाथ्यावरची. फरक एवढाच की, सकाळ होती आणि हवा स्वच्छ होती. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते आपल्या पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले, हवाई दलाचे माजी उपप्रमुख. त्यांच्या अहवालात काय निघाले? कॅप्टन प्रवासाचा बराच भाग झोपले होते, आवाजाच्या फितीवर घोरणे ऐकू येते. विमान फार उंचावरून आले, सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर ५,२०० फूट ओलांडून टेकले. सहवैमानिकाने पुन्हा पुन्हा सांगितले, वर चला. ऐकले नाही. १६६ पैकी १५८ गेले.

दहा वर्षांच्या अंतराने दोन विमाने, दोन कॅप्टन, दोन कनिष्ठ आवाज, आणि दोन्ही आवाज बरोबर. हवामानाने कोळिकोडला मारले असे म्हणावे, तर मंगळुरूला ऊन होते. मला वाटते, खराब हवेपेक्षा वाईट एक हवा कॉकपिटच्या आत असते, आणि ती आपण बाहेरून भरतो.

'आपण' मी मुद्दाम म्हटले. त्यात मीही आहे, सांगतो कसा.

काही वर्षांपूर्वी जुलैत मी दिल्लीहून मुंबईला येत होतो. विमान खाली आले, दिवे दिसू लागले, चाके उघडल्याचा धाडकन आवाज झाला, आणि अचानक इंजिने गरजली, पोट पाठीला लागले, दिवे खाली राहिले. पुन्हा एक फेरी झाली. तसेच. मग कॅप्टनचा आवाज आला, शांत, थोडा थकलेला: मुंबईत पाऊस फार आहे, आपण अहमदाबादला जात आहोत. अण्णा, त्यानंतर त्या विमानात जे झाले ते सांगायला लाज वाटते. एक गृहस्थ उभे राहून हवाईसुंदरीवर ओरडले, मघाशी पुढचे विमान उतरले, यालाच काय झाले? कुणी म्हणाले, नवशिका असेल. कुणी मोबाईल काढून चित्रीकरण करू लागला. माझ्या शेजारच्या बाईंची पुढची गाडी चुकणार होती, त्या रडकुंडीला आल्या. आणि मी? मला दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात व्याख्यान होते. मी म्हणालो, आणि चांगले मोठ्याने म्हणालो, "आमचा एसटीचा ड्रायव्हर असता तर एव्हाना पोचवले असते." आजूबाजूचे हसले. मला बरे वाटले.

अहमदाबादला धावपट्टीवर टेकताना कळलेही नाही इतके अलगद त्याने विमान उतरवले. बाहेर पडताना कॉकपिटचे दार उघडे होते. तो दारात उभा होता. पस्तिशीचा असेल. आम्ही दीडशेजण त्याच्या समोरून गेलो. एकाने त्याच्याकडे पाहिले नाही. मीही नाही.

करिपूरचा अहवाल वाचला तेव्हा मला ते व्याख्यान आठवले. विषय काय होता ते आठवत नाही.

'पुढचे विमान उतरले' हे वाक्य फार जुने आहे. प्रवासी ते बोलतात, वैमानिक मनात म्हणतात. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या जागतिक संस्थेने याचा बराच अभ्यास केला आहे. नियमाप्रमाणे गो-अराउंड करायलाच हवे अशा, नीट न बसलेल्या शंभर उतरण्यांपैकी सुमारे ९७ वेळा वैमानिक उतरतातच. तिघेच वर जातात. त्या ९७ पैकी जवळजवळ सगळे सुखरूप उतरतात, आणि खरी अडचण हीच आहे. मोडलेला नियम दर वेळी बक्षीस देऊन जातो. वर जाणाऱ्याच्या पदरात मात्र जास्तीचे इंधन, चुकलेली वेळ, खुलाशाचा कागद आणि माझ्यासारख्यांचे विनोद. गो-अराउंडबद्दल कागदावर कुणी कुणाला शिक्षा करत नाही. कागदावर पुण्यात पदपथही आहेत.

कुस्ती तुम्ही केली आहे, मी फक्त पाहिली आहे, म्हणून भीत भीत लिहितो. पकड नीट बसली नाही, तर जाणता मल्ल डाव सोडून मागे सरतो, पुन्हा खडाखडी करतो. त्याला आखाड्यात कुणी भित्रा म्हणत नाही. अर्धवट पकडीवर डाव रेटणाऱ्याला वस्ताद काय म्हणतात, ते तुम्हाला जास्त ठाऊक.

करिपूरच्या भूगोलाचे एक सांगायचे राहिले. 'लॅटराइट' हा शब्द फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने १८०७ मध्ये प्रथम वापरला, तो मलप्पुरम जिल्ह्यातल्या अंगडीपुरमचा दगड पाहून. करिपूरही त्याच जिल्ह्यात. लॅटराइट म्हणजे आपला जांभा. कोकणी माणसाला टेबलटॉप धावपट्टी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कातळाचा सडा आणि सड्याच्या कडेला एकदम खोल उतार, हे त्याने गुरांमागे फिरताना पाहिलेले असते. सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ अशाच सड्यावर आहे. गोव्यातला मोपाही पठारावर. चार महिने तिथे पाऊस कसा पडतो हे वेगळे लिहीत नाही. चिपीचे विमान रद्द झाले की आमचे कोकणी मित्र समाजमाध्यमांवर विमान कंपन्यांचा उद्धार करतात. त्यांचा वैताग मला कळतो, चाकरमान्याची रजा मोजकी असते. पण त्या रद्द झालेल्या विमानांत एखादे विमान असेही असेल की, ते आले नाही म्हणून आपल्याला चिपीचे नाव करिपूरसारखे पाठ झालेले नाही.

गेल्याच महिन्यात, २१ जुलैला, कोचीहून आलेले एअर इंडियाचे विमान मुंबईत भर पावसात धावपट्टीवरून घसरले. सगळे सुखरूप. २०१९ च्या १ जुलैला स्पाइसजेटचे जयपूरहून आलेले विमान तिथेच धावपट्टी ओलांडून पुढे गेले होते. तेव्हाही सगळे सुखरूप, मुख्य धावपट्टी मात्र काही दिवस बंद. मुंबई सपाट आहे, टोकाला चिखल आहे, म्हणून या दोन्ही बातम्या दुसऱ्या पानावर गेल्या. तीच विमाने सड्यावर असती तर, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

आणि यंदाच्या १२ जूनचे अहमदाबाद. तो अपघात उड्डाणाचा होता, हवा निरभ्र होती, चौकशी चालू आहे, म्हणून त्यात शिरत नाही. पण २६० माणसांच्या मरणानंतर महिन्याने प्राथमिक अहवाल आला आणि कॉकपिटमधल्या एका वाक्यावरून देशभर जो निवाडा सुरू झाला, तो पाहून वाटले, आपण पुन्हा त्याच दोन शब्दांच्या शोधात आहोत. ते सापडले की फाईल बंद करता येते.

मागणे फार नाही. करिपूरच्या अहवालात ४३ शिफारशी आहेत. त्यांतली कुठली पूर्ण झाली, कुठली अर्धी, कुठली का टाकून दिली, हे एका पानावर छापा आणि दरवर्षी ७ ऑगस्टला ते पान ताजे करा. मंगळुरूचे तसेच एक पान २२ मे रोजी. तुम्ही लेखी उत्तरे संसदेत देताच, पण ती ज्या भाषेत असतात ती फक्त दुसऱ्या लेखी उत्तराला कळते. धावपट्टीच्या टोकाला ठिसूळ काँक्रीटचे पट्टे घालतात, चाके त्यात रुतून विमान थांबते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाने हे पट्टे नव्वदच्या दशकात घातले. मंगळुरूपासून आपण त्यांची चर्चा करत आहोत. खर्चाचा आकडा मोठा असेल. तो सांगा, आणि करायचे नसेल तर तेही सहीनिशी सांगा.

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम गेल्या वर्षी जानेवारीत आले, मग लांबले, कोर्टात गेले. आठवड्याच्या सलग विश्रांतीचे ४८ तास आत्ता १ जुलैपासून लागू झाले. रात्रीच्या उतरण्यांवरची मर्यादा १ नोव्हेंबरपासून यायची आहे. कंपन्या पुन्हा मुदत मागायला येतील. तेव्हा त्यांना मंगळुरूच्या फितीवरचे घोरणे ऐकवा. आणि कुठल्या तळावर किती कॅप्टन, किती सहवैमानिक, हा तक्ता मागवून घ्या. २६ ला एक असे प्रमाण पुन्हा कुठे दिसले, तर ते तुम्हाला अपघाताच्या आधी दिसू दे.

सगळ्यात सोपी गोष्ट, जिला पैसा लागत नाही: कुठल्या कंपनीचे विमान वेळेवर पोचले, याची टक्केवारी तुमचे खाते दर महिन्याला प्रसिद्ध करते. कंपन्या तिची जाहिरात करतात. त्याच पत्रकात एक रकाना वाढवा. पावसाळ्यात किती विमाने पुन्हा वर नेली, किती दुसरीकडे नेली. त्या रकान्यातल्या उशिराला उशीर म्हणू नका, वेळेच्या हिशेबातून तो वगळा.

आणि एक व्यक्तिगत विनंती. राज्यमंत्री म्हणून तुमचा प्रवास सतत असतो. कधीतरी मुंबईवर किंवा आपल्या लोहगाववर, भर पावसात, तुमचेही विमान चाके उघडून खाली येईल आणि गरजत पुन्हा वर जाईल. आत कुरकुर सुरू होईल. कुणीतरी एसटीच्या ड्रायव्हरचा विनोद करील. त्या वेळी तुम्ही काही बोलू नका. विमान उतरू दे, हैदराबादला का होईना. सगळे बाहेर पडेपर्यंत थांबा आणि कॉकपिटच्या दारात जाऊन त्या मुलाला किंवा मुलीला नमस्कार करा. सोबतचे कार्यकर्ते फोटो काढतीलच. काढू द्या, आणि तो सगळीकडे पाठवा. अहमदाबादला माझा नमस्कार राहून गेला, तोही त्यातच धरा.

आपला,
पुण्यातला एक प्रवासी